बरी राख

सत्तरी ओलांडल्यावर माणसाला शिकण्यातून सुट्टी मिळावी, असं माझं मत आहे. येडगावात ते कुणाला पटत नाही. आमच्या 'कांदा शिका, शिकवा' या व्हॉट्सॲप ग्रुपवर चारशे माणसं पहाटे पाचपासून एकमेकांना शिकवत असतात. वाचून वाचून माझे डोळे सुजतात.

श्रावणात तिथं एक मजकूर आला. 'प्राचीन कृषिविज्ञान! बराख हा शब्द बरी राख यावरून आला. पूर्वज कांद्याच्या बराखीखाली चुलीची राख ताकात कालवून थापत. कांदा दिवाळीपर्यंत ताजा.' खाली कुणा डॉक्टरचं नाव.

मला लई पटलं. इतकं, की हे आपण लहानपणी पाहिलंय असंही वाटायला लागलं. माझ्या बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, दोनशे पिशव्या कांदा, वर्षाचं सगळं त्याच्यावर. बराखीच्या तळाखाली हवा खेळायला फूटभर पोकळी असते. दोन दिवस कंबर मोडून मी ती राख-ताकानं भरून टाकली.

आठव्या दिवशी कांद्यातून पाणी गळायला लागलं. वास असा, की उसातला बिबट्या नाकावर पंजा धरून आळे गावाकडे निघून गेला.

ग्रुपवर फोटो टाकला, 'वाचवा!' सगळ्यांनी हसरी तोंडं पाठवली. 'आबा, आज कोणती थाप?' त्यांचं तरी काय चुकलं? पाऊस यायच्या आधी माझ्या विहिरीतलं कासव मोटार बंद करतं, हे मीच तिथं सांगितलं होतं.

फोन आला तो एकट्या नीलमचा. आळेफाट्यावरच्या बारदानवाल्या जैनांची ही सून. तिच्या घरात कांद्याला उंबऱ्याच्या आत जागा नाही. कांदा भरायची पोती विकायची म्हणून ग्रुपात आली आणि चार वर्षं सगळं वहीत उतरवत बसली.

"आबा, खाली काय घातलंत?"

"राख नि ताक. त्या डॉक्टरनं सांगितलंय."

पानं उलटल्याचा आवाज आला. "डॉक्टरनं नाही. दोन वर्षांपूर्वीचा जून. सावळेराम आबा, येडगाव: बराख म्हणजे बरी राख. पुढे मी कंसात 'थाप' लिहिलंय."

आमच्या ठकूबाईनं, म्हणजे बायकोनं, फोनवरचं सगळं ऐकलं होतं. "घ्या! गावाला वाढलेलं ताट फिरून घरी आलं. जेवा आता!"

"आबा, राख आधी उपसा," नीलम म्हणाली. "कांदा सावलीत पातळ पसरा, नासका वेगळा काढा. हे ग्रुपवर पिंपरी पेंढारच्या गोकुळभाऊंनी शिकवलंय. पोती घेऊन मी येते."

आली ती नाकाला ओढणी बांधूनच. तीन दिवस आम्ही कांदा निवडला. तिसऱ्या दिवशी तिनं हळूच विचारलं, "आबा, वरून चांगला दिसणारा नासका कसा ओळखायचा? वहीत नुसतं 'मान दाबा' एवढंच आहे."

मी एक कांदा तिच्या हातात दिला. तिनं मान दाबली, बोट आत गेलं. ती शहारली, आणि लगेच दुसरा उचलला.

एकशे दहा पिशव्या वाचल्या. बाकीचा उकिरड्यात गेला.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं खरं लिहिलं, राख-ताक कुणी घालू नका म्हणून. पुन्हा हसरी तोंडं. 'आबा, ही आजवरची सगळ्यात भारी!' नीलमनं तेवढं वहीत उतरवून पुढे कंसात 'खरं' लिहिलं.

मग गोकुळचा मेसेज आला: 'आबा, गंमत राहू द्या. ताक गाईचं का म्हशीचं?'

फोनवर माझं कोण ऐकणार? पिंपरी पेंढार गाठायला मी चपला शोधायला लागलो.