पाच हजारांचा लेख

नारायणगावातून खोडदकडे निघालं की बाजार संपतो तिथे जालिंदर आणि शीलाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार सोडवून आणायची आणि दुरुस्त झाली की परत जाऊन बसवायची, हे जालिंदरचं काम. आतली जळकी तार उपसून नवी भरायची, ते शीलाचं. लग्न होऊन आली तेव्हा दहावी पास झालेल्या या मुलीला पाना कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं. पण तिच्या हाताला वळण होतं आणि तिला घाई नव्हती. सतरा वर्षांत अशी वेळ आली की लांबचे शेतकरी मोटार टेम्पोत टाकून आणायचे आणि आल्या आल्या विचारायचे, "वहिनी हायेत ना? मग ठेवतो."

२००८ साली तारेचे भाव चढलेले होते. भारनियमन पाचवीला पुजलेलं. तीनपैकी दोनच फेजवर मोटार ओढायची, ती जळायची, म्हणून रिवायंडिंगवाल्यांना काम उदंड. काहीजण तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियमची तार भरून देत. दोन महिन्यांत मोटार पुन्हा जळे, आणि शेतकरी स्वतःच्या नशिबाला दोष देई. शीलाला याची चीड होती.

दुकानापासून चार गाळे सोडून चांगदेवचा सायबर कॅफे होता. एकदा पंख्याची मोटार घेऊन तो आला आणि सांगू लागला, "वहिनी, लेखणीमेळा म्हणून एक साइट निघालीय. आपण मराठीत लिहायचं, ते पैसे देत्यात. एका लेखाला वीस रुपये, वर लोकांनी वाचलं तर त्याचे वेगळे."

"आणि काय लिवायचं?"

"काही पण. मी रोज वीस-पंचवीस टाकतो. इनोद, शायरी, हिरोहिरॉइनच्या बातम्या. हितलं उचलायचं, तितं डकवायचं. गेल्या महिन्यात सहा हजारांचा चेक आला, राव!"

शाळेत शीलाचे निबंध वर्गात वाचून दाखवले जायचे. त्याला वीस वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कॅफेत जाऊन बसली. इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी उमटतं, हे पाहून तिला हसूच आलं. पहिला लेख पुरा करायला तिला नऊ दिवस लागले. 'तुमच्या मोटारीत तांबं आहे की ॲल्युमिनियम?' तारेवरचं वार्निश ब्लेडने खरवडायचं, आत लालसर दिसलं की तांबं, पांढरं दिसलं की फसवणूक. भरण्याआधी तार आपल्यासमोर वजन करून घ्यायची. कुणाचं नाव नाही, कुणाला शिवी नाही. वाक्य अडलं की ती उठून दुकानात जायची, ते काम हाताने करून पाहायची आणि हातानं काय केलं तेच परत येऊन लिहायची.

महिन्याकाठी तिचे दोन लेख व्हायचे. चांगदेव कपाळावर हात मारून घ्यायचा. "वहिनी, असं कासवावानी लिवलं तर कॅफेचं भाडंसुदीक सुटायचं न्हाई तुमचं."

"नसू दे सुटत," शीला म्हणायची. "मी खोटी तार भरत न्हाई, तर खोटं कशाला लिहू?"

पण तिच्या लेखांखाली प्रश्न येऊ लागले. कुणी सांगलीहून विचारी, कुणी परभणीहून. एकाने लिहिलं होतं, 'ताई, तुमचं वाचून मोटार खोलायला लावली. आत पांढरी तार निघाली. दुकानदारानं गपचूप पैसे परत दिले.' ते वाक्य शीलाने जालिंदरला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मला पाठ झालं आता," पण हसत हसत म्हणाला, आणि संध्याकाळी वडापावच्या गाडीवर तेच वाक्य त्याने शब्दनशब्द चार जणांना ऐकवलं.

वर्षभराने साइटच्या मॅनेजरचा पुण्याहून फोन आला. बोलणं गोड होतं.

"मॅडम, तुमच्या शब्दावर शेतकऱ्यांचा फार विश्वास आहे. एक कंपनी आहे, वीज बचतीचं यंत्र बनवते. घरातल्या प्लगमध्ये लावायचं, बिल तीस टक्के कमी. तुम्ही त्याच्यावर एक छान लेख लिहा. पाच हजार रुपये देऊ."

"एका लेखाचे?"

"एकाच. आणि आवडला तर दर महिन्याला एक."

शीलाने क्षणभर फोन कानापासून दूर धरला. तिची वर्षभराची लेखनाची कमाई साडेसहाशे रुपये होती, तीही अजून साइटकडेच पडून. "यंत्र पाठवून द्या," ती म्हणाली. "बघते आणि लिहिते."

"बघायचं काय त्यात, मॅडम? माहिती आम्ही पाठवतोच आहोत."

"बघितल्याबिगर मला लिहिता येत न्हाई."

चार दिवसांनी कुरियरने डबा आला. सुबक पांढरा, वर हिरवा दिवा. सोबतच्या कागदात लिहिलं होतं की अँपिअरचा काटा लावून पाहा, यंत्र लावताच करंट कमी झालेला दिसेल. शीलाने दुकानातल्या ग्राइंडरच्या मोटारीवर मीटर लावून पाहिलं. काटा खरोखरच खाली आला. जालिंदरचा चेहरा उजळला.

"हे तर काम करतंय की!"

शीलाने डबा खोलला. आत एक कपॅसिटर, दिव्यापुरती तार आणि बूड जड वाटावं म्हणून ओतलेला वाळूचा लगदा. असले कपॅसिटर तिच्या फळीवर रांगेने होते.

"करंट कमी झाला, खरंय," ती म्हणाली. "पण बिल काट्यावर येत न्हाई. बिल त्या चकतीवर येतं."

दुकानाचं मीटर जुनं होतं, काचेआड फिरणाऱ्या चकतीचं. चकतीच्या कडेला काळी खूण होती. शीला स्टुलावर उभी राहिली आणि जालिंदरने हातातलं घड्याळ धरलं. डबा नसताना दहा मिनिटांत चकतीचे फेरे किती, डबा लावल्यावर किती. तेच पंख्यावर केलं, मग शेजारच्या पिठाच्या गिरणीत जाऊन केलं. तीन दिवस हा खेळ चालला. गिरणीवाला म्हणाला, "वहिनी, मान धरंल तुमची." तिसऱ्या दिवशी तिने वही मिटली. प्रत्येक वेळी चकती जितकी आधी फिरत होती तितकीच नंतर फिरली होती.

जालिंदरने फक्त एकदाच विचारलं, "पाच हजार म्हंजे लई झालं गं. नुसतं 'असं असं यंत्र आलंय' एवढंच लिवलं तर? चांगलं म्हणू नको, वाईट पण म्हणू नको."

"माझं नाव खाली आलं म्हंजे चांगलं म्हटल्यासारखंच झालं," शीला म्हणाली. "आणेपठारावरचा माणूस वाचंल आणि पंधराशेचा डबा घेऊन जाईल. उद्या तोच माणूस मोटार घेऊन माझ्या दारात आला, तर मी कुठं बघू?"

जालिंदरने मान हलवली. "मग लिव जसंच्या तसं."

तिने लिहिलं. डब्यात काय निघालं, काटा का उतरतो, चकती का हटत नाही, आणि ज्याला शंका असेल त्याने घरच्या मीटरसमोर उभं राहून स्वतः फेरे कसे मोजायचे. शेवटी तिने एक ओळ टाकली, की हे लिहिण्यासाठी मला पैसे देऊ केले होते आणि ते मी घेतलेले नाहीत.

लेख जेमतेम सहा तास टिकला. दुसऱ्या दिवशी कॅफेत जाऊन पाहते, तर लेख नाही, आधीचे बावीस लेख नाहीत, खातंच नाही. साडेसहाशे रुपयेही त्यातच बुडाले. चांगदेव तिच्या मागे उभा होता. त्याने घसा खाकरला.

"वहिनी, एक सांगू का? त्यांनी मला इचारलं व्हतं. तीन हजारात. मी लिवून टाकलं. आन् डबे पण ठेवलेत कॅफेत, इकायला."

शीलाने खुर्ची मागे सारली. "किती खपले?"

"चौदा."

लेखांची तिला तितकी काळजी नव्हती, कारण प्रत्येक लेख आधी वहीत उतरलेला होता. ती म्हणाली, "ज्यांनी घेतलेत त्यांना शनिवारी बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात पाठवा. डबा घेऊन या म्हणावं. तुमी पण या."

शनिवारी अकराजण आले. शीलाने कुणाला व्याख्यान दिलं नाही. ग्राइंडर सुरू केला, ज्याच्या हातात डबा त्यालाच स्टुलावर चढवलं आणि म्हणाली, "काळी खूण मोजा." खाली उभे असलेले मोठ्याने आकडे म्हणू लागले. रस्त्यावरची माणसं थांबली, टोमॅटोचे क्रेट उतरवणारे हमालही आत डोकावले. डबा लावून मोजलं, काढून मोजलं. तिसऱ्या माणसानंतर कुणाला स्टुलावर चढायची गरज वाटेना. सगळ्यांच्या माना आपोआप चांगदेवकडे वळल्या.

चांगदेव दारातच उभा होता. पळाला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. "डबं कॅफेत आणून द्या," तो म्हणाला. "ज्याचं त्याला माघारी मिळंल." पुढच्या दोन आठवड्यांत त्याने चौदाही डब्यांचे पैसे फेडले. कंपनीने मात्र त्याच्याकडचे डबे परत घेतले नाहीत. मग एका दुपारी तो शीलाची लेखांची वही उचलून तिच्यासमोर बसला.

"वहिनी, फुकटात बलॉग काढता येतो. तुमचे सगळे लेख मी टाइप करून देतो. पैसे नकोत."

"टाइप करा," शीला म्हणाली, "पण एक काना-मात्रा हलली तर परत करायला लावीन."

त्याने दीड महिना ते काम केलं. लेखणीमेळा पुढच्या वर्षी बंद पडली. हजारो विनोद आणि शायऱ्या कुठे गेल्या, कुणी विचारलंही नाही. शीलाचे लेख मात्र लोक छापून घेऊ लागले. मराठवाड्यातल्या एका आयटीआयच्या मास्तरांनी फोन करून परवानगी मागितली की वायरमनच्या पोरांना हे वाचायला देऊ का. फोन जालिंदरने उचलला होता. "थांबा, लेखिका बाईंना देतो," असं तो म्हणाला आणि शीला वार्निशने माखलेले हात पुसत आली, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की तिचा नवरा तिच्यामागे तिला काय म्हणतो.

पण तिला सगळ्यात जास्त अभिमान वाटला तो वेगळ्याच दिवशी. श्रावणात एक सत्तरीचे गृहस्थ एसटीने आणेहून आले. डोक्याला पागोटं, हातात तिच्या लेखाची झेरॉक्स. नाव कुशाबा. चाळीस वर्षं त्यांनी मोटारी भरल्या होत्या. चहाला नको म्हणाले आणि कागदावर बोट ठेवलं.

"पोरी, हितं तू लिवलंयस, वार्निश लावल्यावर सा तास वाळवायचं. हे कवा करून बघितलंस?"

"वैशाखात, बाबा."

"तेच म्हणतो मी. पावसाळ्यात सा तासांत आतला ओलावा जात न्हाई. वरून वाळल्यागत दिसतं, आन् आठ दिसांत मोटार जळती. दोन दिस ठेव, मग मेगर लावून आत करंट झिरपतो का त्ये बघ."

शीलाचा चेहरा उतरला. इतके दिवस लोक तिची चुकीची माहिती वाचत होते. कुशाबांनी ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाकीचं समदं बरूबर हाये. ओळन् ओळ वाचली नातीकडून. चुका काढायला म्हणून बसलो व्हतो. येकच घावली."

त्या दिवशी कुशाबा संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबले. दोघांनी ओली तार, सुकी तार, मेगरचे आकडे, सगळं तपासलं. दुसऱ्या दिवशी शीलाने ब्लॉगवर त्या लेखाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत लिहिलं: 'या लेखात माझी एक चूक होती. आणे येथील कुशाबा यांनी ती दाखवून दिली.' खाली सगळी दुरुस्ती लिहिली.

"एवढं वर कशाला?" चांगदेव म्हणाला. "खाली बारीक टाकलं असतं तरी चाललं असतं."

"वरच राहू द्या," शीला म्हणाली आणि दुकानाकडे निघाली. खोडदची एक पाच एचपीची मोटार सकाळपासून टेबलावर उघडी पडली होती.