हारासकट

कडूबा गाडेकरला एका वाक्याचा मनापासून तिटकारा होता : "अगदी फोटो काढल्यासारखं वाटतं हो!" वीस वर्षांत त्याच्या चित्रांची सतरा प्रदर्शनं झाली आणि सतराही अभिप्राय-वह्यांत हे वाक्य होतंच. लिहिणाऱ्याला वाटायचं, आपण केवढी पावती दिली. कडूबाला वाटायचं, फोटोच हवा होता तर कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जायचं होतं, इथं माझा एसी खायला कशाला आलात?

आणि एसी खायलाच येत लोक, हे काही खोटं नव्हतं. शहरातल्या निराला बाजारच्या मागच्या गल्लीतल्या ज्या कलादालनात तो चित्रं लावी, तिथं मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसायची आणि नोव्हेंबरात काळं कुत्रं फिरकायचं नाही.

पहिलं प्रदर्शन लासूर स्टेशनला, एका मंगल कार्यालयात, दोन लग्नांच्या मधल्या दिवशी झालं. दुसऱ्या लग्नाचं वऱ्हाड वेळेआधी येऊन टपकलं आणि वरमाईनं चित्रांच्या चौकटींवर ओले टॉवेल वाळत घातले. जळगावला प्रमुख पाहुणे चित्रांकडे पाठ करून पाऊण तास स्वतःच्या बालपणावर बोलले. पुण्याला एका बाईंनी सोफ्याच्या कापडाचा तुकडा आणून चित्राला लावून बघितला आणि "यातला हिरवा जरा कमी करून द्याल का?" असं विचारलं. मुंबईला पाच वर्षं अर्ज केल्यावर एकदाचा आठवडा मिळाला. त्या आठवड्यात जो एकच गृहस्थ पंधरा मिनिटं थांबला, तो शेजारच्या दालनाचा वाट चुकलेला पाहुणा निघाला. घरी शाली इतक्या साठल्या होत्या, की तैलरंगाचे ब्रश पुसायला चिंध्या विकत घ्याव्या लागत नव्हत्या.

कडूबाला या सगळ्यांची कीव यायची. गाढवाला गुळाची चव काय, म्हणायचा. हे असलं म्हणायला त्याला फार आवडायचं. जगात बघता येणारा माणूस आपण एकटाच, बाकी सगळे नुसते डोळे असलेले, अशी त्याची ठाम समजूत होती.

कडूबा हे नाव त्याला आईनं, भागूबाईनं, ठेवलेलं. त्याच्या आधीची दोन लेकरं हाती लागली नव्हती. हे तरी मरणाच्या तोंडाला कडू लागावं, थुंकून टाकावं त्यानं, म्हणून कडूबा. चित्राखाली मात्र तो 'आकाश गाडेकर' अशी सही करी. कॅटलॉगात कडूबा शोभत नाही म्हणे.

अठराव्या प्रदर्शनासाठी त्यानं भागूबाईलाच बसवलं. फुलंब्रीहून तिला सिडकोतल्या आपल्या फ्लॅटवर आणलं आणि खिडकीशेजारी खुर्ची टाकून दिली. वीस दिवस म्हातारी सकाळी नऊ ते बारा हलली नाही. माशी नाकावर बसली तरी हलली नाही, कारण पहिल्याच दिवशी लेक वस्सकन ओरडला होता, "माय, हालू नको म्हणलं ना!"

त्या वीस दिवसांतले आठ दिवस एकट्या गोंदणावर गेले. भागूबाईच्या कपाळावर, दोन भुवयांच्या वर, तुळशीच्या मंजिरीसारखं गोंदण होतं. नवरा जाऊन तीस वर्षं झाली होती, कुंकू तेव्हाच गेलं. गोंदण तेवढं राहिलं. सुरकुत्यांत शिरलेला, कडांनी पसरलेला तो हिरवट निळा रंग कातडीच्या वर दिसत नाही, कातडीच्या आतून दिसतो. तो तसा आतून दिसावा म्हणून कडूबा पातळ रंगाचे हात एकावर एक देत राहिला. शेवटचा हात उद्घाटनाच्या आदल्या सकाळी दिला आणि मागं सरून बघितलं. असं काम त्यानं आजवर केलं नव्हतं. तिटकारा, कीव, सतरा वह्या, सगळं त्या टिकलीएवढ्या जागेपुढं फिकं पडलं.

"लोकान्ला दाखवणार व्हय ह्ये?" बसवण्याच्या शेवटच्या दिवशी भागूबाईनं विचारलं होतं.

"मग? तुला न्यायला येईन ना मी. पहिल्या दिवशी."

तो गेला नाही. त्याला कारण होतं आणि ते कारण कॅटलॉगाच्या तिसऱ्या पानावर छापलेलं होतं.

कॅटलॉगातला मजकूर एका प्राध्यापकांनी लिहिला होता. हे गृहस्थ शहरातल्या प्रत्येक चित्रकारावर लिहीत, आणि प्रत्येकाच्या चित्रात त्यांना 'मातीची वेदना' सापडे. कडूबाच्या आईच्या चित्राबद्दल त्यांनी लिहिलं होतं : 'दिवंगत मातेच्या स्मृतीतून उतरलेली ही कलाकृती.' म्हातारीचं एवढं मोठं चित्र म्हणजे ती गेलेलीच असणार, असा त्यांचा हिशेब.

कडूबानं फोन केला. "सर, आई आहे अजून. फुलंब्रीला असते."

"असू दे की," प्राध्यापक म्हणाले. "आता मजकूर बसलाय. आणि खरं सांगू का आकाश, गेलेल्या आईला वजन असतं. दिल्लीच्या बाई येणारेत म्हणतोस ना?"

दिल्लीच्या बाई म्हणजे मेघा पारसनीस. देशभरातून बारा वास्तववादी चित्रकार निवडून त्या दिल्लीला मोठं प्रदर्शन भरवणार होत्या. या बारांत आपलं नाव यावं, एवढीच आता कडूबाची इच्छा उरली होती. वय अठ्ठेचाळीस. पुन्हा अशी संधी येणार नव्हती. त्यानं एक रात्र विचार केला म्हणे. सकाळी प्राध्यापकांना कळवलं, "छापा." ज्या माणसाला लुगड्याच्या काठाचा एक धागा चुकीचा रंगवलेला खपत नव्हता, त्याला हे खपलं.

उद्घाटन अकराचं होतं. पतसंस्थेचे अध्यक्ष नानासाहेब एक वाजता आले. त्यांच्या संस्थेनं हॉलचं भाडं भरलं होतं, त्यामुळे त्यांची वाट बघणं हाही कलेचाच भाग होता. नानासाहेबांना दिवसाला चार उद्घाटनं. त्यांचे पाय त्यांना आपोआप समईकडे नेतात, आणि समईमागं जी तसबीर असेल तिला त्यांचे हात आपोआप हार घालतात. इथं समई ठेवली होती ती नेमकी भागूबाईच्या चित्रापुढं, कारण हॉलमधला चांगला दिवा तिथंच होता. त्यातून सूत्रसंचालन करणारे प्राध्यापक गळा दाटून म्हणाले, "चित्रकाराच्या दिवंगत मातोश्री..."

नानासाहेबांनी वात पेटवली. वळले. स्वागतासाठी आणलेला झेंडूचा हार कुणीतरी तत्परतेनं त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो चित्राच्या चौकटीवर चढवला. मग तबकातल्या ओल्या कुंकवात अंगठा बुडवला.

"अहो, ओलं आहे!" कडूबा ओरडला.

"ओलंच लागतं," नानासाहेब म्हणाले आणि भागूबाईच्या कपाळावर, दोन भुवयांच्या वर, अंगठा चांगला दाबून वर ओढला. टाळ्या वाजल्या. तीसेक मोबाइल वर झाले. एकालाही काही वावगं वाटलं नाही.

कडूबा चित्राजवळ गेला. आठ दिवसांचं गोंदण कुंकवाखाली गडप झालं होतं. पुसायला जावं तर खालचा ओला रंगही पुसून निघणार, हे त्याला कळत होतं. गळा काढून रडावं, नाहीतर नानासाहेबांचा अंगठा पिरगाळावा, असं त्याला वाटलं. त्यानं यातलं काही केलं नाही. नानासाहेबांना शाल दिली.

दोन वाजता मेघा पारसनीस आल्या. गर्दी समोशांकडे गेली होती. बाई बाकीच्या चित्रांवरून भराभर पुढं गेल्या आणि भागूबाईच्या चित्रापुढं थांबल्या. कडूबा माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, "विलक्षण. हा हार, हे कुंकू. म्हणजे तुम्ही चित्रालाच तसबीर करून टाकलंत. वास्तववादाची केवढी मोठी थट्टा आहे ही! मुद्दाम ना?"

कडूबाला एका क्षणात दोन गोष्टी कळल्या. या बाईलाही बघता येत नाही, ही एक. आणि दिल्ली आली, ही दुसरी.

"मुद्दाम," तो म्हणाला.

"आई केव्हा गेल्या?"

"झाली... दोन वर्षं." बोलताना त्याची नजर बाईंच्या खांद्यावरून मागं गेली.

मागं भागूबाई उभी होती. शेजारच्या सुरेखाच्या मोबाइलवर तिनं प्रदर्शनाची बातमी बघितली होती आणि लेकाला कामातून सवड झाली नसेल म्हणून एकटीच काळी-पिवळी जीपमध्ये बसून आली होती. अंगावर चित्रातलंच लुगडं, हातात कापडी पिशवी. ती चित्राकडं बघत होती. हार बघून झाला, कुंकू बघून झालं. मग तिनं लेकाकडं बघितलं. 'दोन वर्षं' हे तिनं ऐकलं होतं.

बाईंनी वळून बघितलं. "या कोण?"

माय म्हणायला किती वेळ लागतो? 'माझी माय आहे, जित्ती आहे, चुकलो,' एवढंच. दिल्ली गेली असती. हॉलमध्ये हसू झालं असतं. प्राध्यापक तोंडावर पडले असते आणि ते तर बघण्यासारखंच झालं असतं.

"मावशी," कडूबा म्हणाला.

वीस दिवस समोर बसलेल्या ज्या चेहऱ्याची एकेक सुरकुती त्याला पाठ होती, त्या चेहऱ्यावरची एकही रेघ हलली नाही. बसायची सवयच लावली होती त्यानं. भागूबाईनं फक्त हात वर केला आणि डोक्यावरचा पदर पुढं, पार भुवयांपर्यंत ओढून घेतला. गोंदण झाकलं गेलं.

"व्हय," ती बाईंना म्हणाली. "थोरली व्हती माझी."

"किती सारख्या दिसता दोघी!"

"लोकं लई फसायची." एवढं बोलून ती पुढं झाली आणि स्वतःच्या चित्रापुढं हात जोडून उभी राहिली. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी रुमाल काढला आणि दुसऱ्या हातानं कडूबाच्या पाठीवर थोपटलं. "हेच पाठवा दिल्लीला. काही काढू नका, काही पुसू नका. हारासकट पाठवा."

अभिप्राय-वहीत त्यांनी इंग्रजीत पानभर लिहिलं. 'फोटोसारखं' हा शब्द त्यात कुठंच नव्हता. वीस वर्षांत पहिल्यांदा.

भागूबाई कधी बाहेर पडली ते कडूबाला कळलं नाही. बाईंना गाडीपर्यंत पोचवून तो पळत गल्लीच्या तोंडाशी आला, तेव्हा ती फुलंब्रीच्या वाटेवरच्या हर्सूलकडं जाणाऱ्या रिक्षाला हात करत होती.

"माय, थांब. ऐक तर. तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"ऱ्हाऊ दे." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "चित्र चांगलं काढलं तू. मला वळखू आलं." मग जरा थांबून ती म्हणाली, "तुझा बाप गेल्यापास्नं कुंकू नव्हतं माझ्या कपाळाला. मेल्यावर लागलं बघ."

 

रिक्षा थांबली. भागूबाई आत बसली आणि तिला काहीतरी आठवलं. तिनं पिशवीत हात घालून पुठ्ठ्याचा डबा काढला. फुलंब्रीच्या हलवायाचा, वरून दोरा गुंडाळलेला.

"ह्ये घे. पेढे हायेत. तिथं समद्यान्ला वाटावं म्हणून आणले व्हते." तिनं डबा त्याच्या हातात दिला. "पर मयताचे कुठं पेढे वाटत्यात, कडूबा?"

रिक्षा गेली. हॉलमध्ये प्राध्यापक त्याला शोधत होते, दिल्लीची बातमी सगळ्यांना कळली होती आणि कुणीतरी विचारत होतं, पेढे कुठायत म्हणून.