दुधाची टाकी

वर्कशॉपमध्ये दूध डेअरीचं काम आलं तेव्हा दादाने कागदावर नजर टाकली आणि म्हणाला, "सगळं मिगने करू."

त्याच्या धाकट्या बहिणीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. दोन हजार लिटरची स्टेनलेसची टाकी, पत्रा अवघा दोन मिलिमीटर. मिग वेल्डिंगमध्ये तार आपोआप पुढे सरकते, काम झपाट्याने होतं, पण छर्रे उडतात आणि सांध्याला उंचवटे राहतात. दुधाच्या भांड्यात उंचवटा म्हणजे घाणीला आयतं घर. तिथे आर्गन वायूचं वेल्डिंगच लागतं. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात भरणीची सळई, आणि इंचाइंचाने पुढे जायचं. हे तिला बारा वर्षांपूर्वी दादानेच शिकवलं होतं, तेही टपली मारून.

"दादा, आतले सांधेसुद्धा?"

"घासून गुळगुळीत करू. वेळ कमी आहे."

वेळ चांगला तीन आठवड्यांचा होता. धाकटी वाद घालत बसली नाही. तिने भंगारातल्या दोन पट्ट्या मिगने जोडल्या, सांधा मधोमध कापला आणि त्याच्यासमोर ठेवला. मागची बाजू काळी, खरखरीत, जळलेल्या साखरेसारखी झाली होती.

"हे कुठवर घासणार?" तिने विचारलं. "आता तू आर्गनने एक करून दाखव. शेजारी ठेवून बघू."

दादाने काच डोळ्यांवर ओढली. टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची सुई असते. ती वितळलेल्या धातूच्या अगदी जवळ न्यायची, पण टेकवायची नाही. दोन बोटं पुढे गेला आणि सुई टेकली. तो उठला, सुईला धार लावून आला. पुन्हा टेकली. तिसऱ्यांदा टेकली तेव्हा त्याने टॉर्च खाली ठेवला. हातमोजा काढला तर अंगठा आपल्याच तालात थरथरत होता.

"कधीपासून?"

"चार महिने झाले. डॉक्टर म्हणतात, शिरांचं दुखणं आहे. गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण जाणार नाही." मग त्याने तिच्याकडे न बघता म्हटलं, "तुझ्या वहिनीला यातलं काही माहीत नाही."

धाकटीला राग आला होता तो दुखण्याचा नव्हे. हात झाकण्यासाठी तो वाईट सांधा द्यायला तयार झाला होता, याचा होता. तसं तिने तोंडावर सांगितलं. दादाने ऐकून घेतलं.

"पाय आणि चौकट मिगने मी करतो," तो शेवटी म्हणाला. "तिथे चालतं. आतलं तू कर."

टाकीत उतरून काम करणं सोपं नव्हतं. आर्गन हवेपेक्षा जड, तळाशी साचतो आणि माणसाचा श्वास कधी अडला ते त्यालाही कळत नाही. पंखा जोरात लावला तर सांध्यावरचा वायू उडून जातो. तो तोल दादाने सांभाळला. सांध्याच्या बाहेरून पन्हळ बसवून त्यात त्याने वायू सोडला, म्हणजे मागची बाजू जळणार नाही. दर मिनिटाला तो पत्र्यावर टकटक करायचा. आतून उलट टकटक आली की पुढे. एकदा तिला उत्तर द्यायला उशीर झाला, तर त्याने काही न विचारता वीज बंद केली आणि तिला बखोटीला धरून बाहेर काढलं.

"सळई संपत आली होती, म्हणून थांबले होते," ती वैतागून म्हणाली.

"असू दे. पाणी पी."

नवव्या दिवशी काम झालं. पाणी भरून टाकी दिवसभर ठेवली. तळाच्या कोपऱ्यात एक बारीक छिद्र दादालाच सापडलं. धाकटीने ते उकरून पुन्हा भरलं. डेअरीचा तपासनीस आला, सांध्यांवरून बोट फिरवत राहिला आणि दादाला म्हणाला, "मिस्त्री, हात अजून तसाच आहे हं तुमचा."

"माझा नाही. बहिणीचा आहे," दादा म्हणाला. तपासनीस जरा गोंधळला आणि त्याने सही केली.

त्या संध्याकाळी दादाने बायकोला दुखण्याचं सांगितलं. धाकटी समोरच बसली होती.

"मला कळलं होतं," वहिनी म्हणाली. "चार महिने झाले, तुमचा चहा पाऊण कपच भरते. तुम्ही कधी सांगता, ते बघत होते."

दादाला मंगळवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. वहिनीने बरोबर येते म्हणून सांगितलं, आणि धाकटीने त्या दिवशी वर्कशॉप आपण एकटी उघडू असं ठरवलं.