खरड छाटणी

मिनेसोटात बाग करायची तर आधी हौस जिरवून घ्यावी लागते. यामिनीची पहिल्याच वर्षी जिरली. उबदार क्युपर्टिनोहून घर हलवताना तिने जपून आणलेली जास्वंद आणि बोगनवेल ऑक्टोबरातल्या पहिल्याच कडाक्याने काळी ठिक्कर पडली. मग ती शहाणी झाली. नर्सरीतल्या बायकांना विचारून, शेजाऱ्यांच्या कुंपणावरून डोकावून तिने उणे तीसमध्येही जीव धरून राहणारी झाडं लावली: लायलॅक, नाइनबार्क, लाल काड्यांचं डॉगवूड. नखरा कमी, पण जात खमकी. सहा महिने ती अशी उभी राहतात की नवख्याला वाटावं, गेली बिचारी. मे उजाडला की कुठून पानं फुटतात देव जाणे.

गॅरेजच्या उत्तरेकडच्या भिंतीवर तिने हायड्रेंजियाची वेल चढवली होती. तिथे ऊन येत नाही, दुसरं काही जगत नाही. ही वेल भारी आळशी. वर्षानुवर्षं नुसती भिंतीला चिकटून बसली. यामिनीचा नवरा सत्यजित त्या वेलीला 'आपली सरकारी कर्मचारी' म्हणायचा. गेल्या जूनमध्ये तिला पहिल्यांदा फुलं आली, पांढरी, पसरट, बशीएवढी, मोजकीच. यामिनी सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर उभी राहायची. तेवढा वेळ तिला कोणी हाक मारत नसे. दिवसभरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

बाकीचा दिवस इतरांचा. सत्यजितच्या कंपनीने दीड वर्षापूर्वी सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं, आणि ऑफिस सांता क्लाराला. तो तिथे मित्राबरोबर राहतो आणि एकाआड एक वीकेंडला विमानाने घरी येतो, तोही कपडे धुवायला घेऊन. यामिनीची स्वतःची नोकरी, त्यात रात्रीबेरात्री फोन येणारे ऑन-कॉलचे आठवडे, तेरा वर्षांच्या मुलीचं, हिमानीचं पोहणं, ड्राइव्हवेवरचं बर्फ, बिघडलेला हीटर, सगळं एकटीच्या माथी. रात्री झोपलं की दमणूक जाते असं लहानपणी तिला वाटायचं. आता सकाळी डोळे उघडल्यावरच ती किती आहे ते कळायचं.

त्यात जानेवारीत बाबा आले. पुरुषोत्तम, तिचे सासरे, तासगावच्या हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं आणि सत्यजित त्यांना घेऊन आला, घरात सोडलं, आणि सोमवारी सांता क्लाराला गेला. बाप इथे, लेक तिथे, आणि सून दोघांच्या वाटची.

बाबांचा त्रास म्हणाल तर काहीच नव्हता, आणि खरी अडचण तीच होती. त्रासदायक माणसाला नाही म्हणता येतं. हे आपले ताट धुऊन ठेवायचे, 'भाजी छान झाली' म्हणायचे, टीव्हीचा आवाज बारीक ठेवायचे. पण त्यांना मऊ भात लागायचा, डॉक्टरकडे न्यावं लागायचं, आणि संध्याकाळी ती घरात शिरली की दिवसभर कोणाशी न बोललेला एक माणूस खुर्चीतून तिच्याकडे बघायचा. त्या बघण्याचंच तिला ओझं व्हायचं.

आता प्रश्न असा होता की, बाबांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा की परतीचं तिकीट काढायचं. हो म्हटलं तर ते कायमचे इथे. नाही म्हटलं तर तासगावच्या घरात एकटे, सकाळी दूधवाला आणि दुपारी पोळ्यांची बाई. रविवारपर्यंत ठरवू, असं सत्यजित म्हणाला होता.

गुरुवारी ती स्वयंपाकघरातून त्याच्याशी बोलली. बाबा पलीकडच्या खोलीत होते, पण त्यांना कमी ऐकू येतं असा घरात सगळ्यांचा सोयीस्कर समज होता.

"माझ्याच्याने आणखी एक नाही होणार रे," ती म्हणाली. "ऑन-कॉल मी, हिमानीला ड्राइव्ह मी करते, बर्फ मी काढते. ते संपत नाही तोवर यार्डचं, बागेचं क्लीनअप आहे. त्यात बाबा. मला ते नकोत असं नाही. मीच उरले नाहीये."

"तू म्हणशील तसं, यार," सत्यजित म्हणाला. "डिसिजन तुझं. माझं काही प्रेशर नाही."

असं म्हणणारा माणूस उदारही दिसतो आणि सुटतोही. यामिनीला हे कळत होतं, पण भांडायलाही अंगात जोर लागतो. तिने फोन ठेवला आणि कुकर लावला.

शनिवारी हिमानीची पोहण्याची स्पर्धा होती. सकाळी गेलेल्या मायलेकी दुपारी परतल्या. बर्फ नुकतंच वितळलं होतं, जमीन नुसता चिखल. यामिनीने गाडी वळवली आणि तिला आधी कळेना की आपण भलत्याच घरी आलो की काय.

बाग नव्हती. लायलॅकच्या जागी वीतभर खुंट, नाइनबार्कच्या जागी खुंट. कापलेल्या फांद्यांच्या मोळ्या सुतळीने बांधून कुंपणाशी ओळीने रचलेल्या. गॅरेजची भिंत उघडी पडलेली, तिच्यावर वेलीच्या मुळ्यांचे तपकिरी ओरखडे तेवढे उरलेले. आणि बाबा सत्यजितचं जुनं जॅकेट घालून, कानटोपी चढवून, बादलीत कात्री धूत होते.

"मॉम, आयम गोइंग इन," हिमानी हळूच म्हणाली आणि आत गेली.

"झाली खरड छाटणी," बाबा म्हणाले. "एप्रिल लागला ना. आमच्याकडे द्राक्षाच्या बागा आता अशाच खरडतात, काडी न् काडी, एका डोळ्यावर, म्हणजे एकच कोंब ठेवून. भावाच्या बागेत मी दर वर्षी जायचो. माझा हात चांगला आहे छाटणीत."

हात खरंच चांगला होता. एकेक काप तिरका, स्वच्छ. यामिनी भिंतीशी गेली आणि चिखलातच उकिडवी बसली. अंगठ्याएवढं खोड जमिनीलगत कापलेलं होतं.

"हे द्राक्ष नाहीये, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यालाही ताकद लागते. "डॉगवूड येईल परत. लायलॅकला या वर्षी फूल नाही येणार, पुढच्या वर्षीचंही सांगता येत नाही. आणि ही वेल... हिला फुलायला सात वर्षं लागली. आता फुटेल की नाही, मला माहीत नाही. मला विचारायचं तरी."

यामिनीला राग आला होता, आणि त्या रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं. सुटका. आता सत्यजितला काय सांगायचं ते सोपं झालं होतं. बाबांना इथलं काही कळत नाही, ते इथे नाही रमायचे, तिकीट काढ. कोणी तिला नावं ठेवणार नव्हतं. या विचाराची तिला लाज वाटायला हवी होती, पण त्या दुपारी तिला नाही वाटली.

तरीही तिने त्यांना एक वाट दिली. "सगळं वाळलंय असं वाटलं का तुम्हाला? थंडीने मेलंय असं?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. म्हाताऱ्या माणसाची चूक, झालं. पण बाबा आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगत आलेले.

"नाही," ते म्हणाले. "कात्री लावली की कळतंच. आतून ओलं होतं सगळं. जिवंत होतं."

"मग?"

त्यांनी कात्री जॅकेटच्या बाहीला पुसली. "परवा तू सत्याला सांगत होतीस ना, किती काय काय तुझ्या अंगावर आहे ते. मी ऐकलं. मुद्दाम नाही ऐकलं, ऐकू आलं. मग मी विचार केला, यातलं आपल्याला काय जमेल? हिमानीला न्यायचं तर मला इथली गाडी येत नाही. तुझ्या ऑफिसातलं कळत नाही. बर्फ काढायला गेलो तर तू ओरडशील. बाग तेवढी येते. बागच राहिली नाही तर तिचं करावं लागणार नाही. तुझ्यामागचं एक कमी होईल. आणि मग माझं जमेल तुला, असं वाटलं."

यामिनी मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसली. बूट चिखलाने माखले होते. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आपली जागा व्हावी म्हणून या माणसाने सकाळपासून एकट्याने अख्खी बाग कापली होती, आणि नेमकं तेच कापलं होतं, ज्याचं तिला कधीच ओझं झालं नव्हतं. ते त्यांना कळणार तरी कसं? फोनवर तिने सगळं एकाच दमात, एकाच सुरात मोजून दाखवलं होतं. तिचं हवंसं काय आणि नकोसं काय, हे त्या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

"वेलीचा राग मला राहणार आहे, बाबा," ती अखेर म्हणाली. "आज उद्या नाही जायचा."

"राहू दे," बाबा म्हणाले.

मग तिने फोन काढला. बाबा आत जायला निघाले, तर तिने हातानेच थांबा म्हणून खुणावलं. सत्यजितने लगेच उचलला. मागे हॉटेलातला गलका ऐकू येत होता.

"अर्ज कर," ती म्हणाली. "बाबा इथेच राहतील."

"अरे वा. ग्रेट. मला माहीत होतं, तू मॅनेज करशील."

"नाही करणार. तू घरी ये. इथला जॉब बघ, नाहीतर घरून करता येईल असा बघ. पगार कमी मिळाला तरी चालेल. एकाआड एक वीकेंड आता पुरे."

तिकडचा गलका कमी झाला, बहुतेक तो बाहेर आला असावा. "यामिनी, काय झालंय? बाबांनी काही केलं का?"

"त्यांनी माझी बाग कापून टाकली. माझं काम कमी व्हावं म्हणून. चुकीचं कापलं, पण दीड वर्षात माझं काही कमी करायला या घरातलं पहिल्यांदा कोणी उठलं. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, सत्या. तू सत्तेचाळीसचा आहेस."

सत्यजित म्हणाला, "आपण हे संध्याकाळी शांतपणे बोलू या का? मी आत्ता सगळ्यांबरोबर आहे."

"मी शांतच आहे," ती म्हणाली. "तू विचार कर. मी थांबते फोनवर."

आणि ती थांबली.