गुलाबपाण्याचा थेंब

डॉक्टरच्या बाहीवरचा थेंब सुकायला तयार नव्हता… आणि शाकिर एफेंदींच्या हातातली गुलाबदाणी अजून हवेतच. पाहुणा निघाला की त्याच्या हातावर गुलाबपाणी शिंपडायचं. पन्नास वर्षांत हाताला हे कधी सांगावं लागलं नव्हतं. पण फ्रान्सच्या तुलों बंदरातल्या या प्लेगच्या कोंडवाड्यात नियम असा, की आतलं काही बाहेरच्याला लागलं, तर बाहेरचा आत, आणि दोघांचे चाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून. आज अडतिसावा.

पहारेकरी पाठ करून चिलीम पेटवत होता.

“रोगाच्या भीतीनं आपण आणलेलं सुलतानाचं पत्रसुद्धा शिरक्यात बुडवणारी माणसं ही,” मागून बेकीर आचारी पुटपुटला, “आणि तुम्ही त्यांच्या वैद्यालाच न्हाऊ घातलंत.”

डॉक्टर ग्रासेनं बाहीकडे पाहिलं, पहाऱ्याकडे पाहिलं. “उद्या नातीचं नाव ठेवायचंय, एफेंदी,” तो मोडक्या तुर्कीत म्हणाला. “मला काही दिसलं नाही. तुमचीही नजर आता अधूच असेल.”

“अगदीच अधू.”

डॉक्टर निघाला. सुटलो, एफेंदींना वाटलं – परवा बाहेर, मग गोदी, पत्र दाखवायचं, आणि फ्रेंच गलबतावर वल्ह्याला जखडलेला भाचा मोकळा. ते गलबत आठवड्यानं निघणार होतं. ते गेल्यावर बहिणीला कुठल्या तोंडानं… अडतीस दिवस ते फ्रेंचांच्या भीतीला हसत आले होते. मरण कपाळावर लिहिलेलं असतं, बाहीवर नव्हे. येताना जहाजावर त्यांचा कारकून गेला तो उन्हानं. त्याच्या काखेत गाठ होती म्हणे. लोक काय, म्हणतात. पण ऊन काखेत कसं शिरतं?… आणि गुलाबदाणी त्याच्याच शालीत गुंडाळलेली. ‘त्या पेटीला हवा द्या’ म्हणून डॉक्टर महिनाभर सांगत होता. उद्या, उद्या करत पेटी तीन दिवसांपूर्वी उघडली.

“बेकीर, ती शाल कुठंय?”

“अंगावर. थंडी वाजतेय सकाळपासून.”

उतारावर डॉक्टर लहान होत चालला होता. हाक अजून पोचली असती. एकीकडे साखळीतला तो, दुसरीकडे पाळण्यातली ती – जिला अजून हाक मारायला नावही नाही… डॉक्टर वळणाआड गेला. इतके दिवस ते उरलेले दिवस मोजत आले होते. आता, नको नको म्हणताना, त्यांनी डॉक्टरच्या त्या अनोळखी घरातला पहिला दिवस मोजला.