मुर्रीच्या चौकात आईचा फोटो

रचना मॅडमच्या वर्गात शिरताना चपला बाहेर आणि मोबाइल टोपलीत, हे पहिल्याच दिवशी ठरलं. गोंदियातल्या त्या ग्राफिक डिझाइनच्या वर्गाचे बाकीचे नियम भिंतीवर लिहिलेले होते आणि त्या बाबतीत मॅडम कोणाच्या बापाचं ऐकत नसत. आधी पेन्सिल, मग कॉम्प्युटर. नेटवरून उचललेलं काम बघितलंही जाणार नाही. पोस्टरवर एकच गोष्ट डोळ्यांत भरली पाहिजे, बाकी जागा मोकळी सोडायला शिका. काम जिथे लागायचं तिथे आधी लावून या, लोक काय म्हणतात ते ऐकून या. सगळ्यांत जाचक होता शेवटचा: काम वर्गाच्या भिंतीवर लागलं की ते करणाऱ्याने, सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

नीतूला हा नियम काही जड वाटला नव्हता. मुर्रीहून सायकल हाणत येणारी ही पोरगी मुळातच मोजकं बोलायची.

परीक्षेच्या कामासाठी खरं गिऱ्हाईक आणायचं होतं. नीतूने आईलाच धरलं. पार्वताबाईने बरीच वर्षं बाजारातल्या एका हॉटेलात स्वयंपाक केला होता. तिच्या हातची वांग्याची भाजी लोक चाटूनपुसून खात आणि जाताना गल्ल्यावरच्या मालकाची तारीफ करून जात. आता तिने घरून डबे द्यायला सुरुवात केली, तर तिला कोणी ओळखेना. हे नीतूच्या मनाला फार लागलं होतं. तो हात कोणाचा होता ते एकदा गावाला दिसावं, एवढंच तिला हवं होतं.

फोटोला पार्वताबाई तयार होईना. शेवटी डोक्यावर पदर घेऊन, ओठ घट्ट मिटून, आधार कार्डासाठी बसावं तशी बसली. नीतूने सगळे नियम पाळले. पांढराशुभ्र फ्लेक्स, मधोमध आईचा चेहरा, खाली ठसठशीत अक्षरांत नाव. डब्यांची माहिती आणि फोन नंबर अगदी तळाला, बारीक. भोवती मोकळी जागा. संध्याकाळी तिने तो चौकात बांधला आणि निवांत झोपली.

सकाळी शेजारची कुंदाबाई रडतच अंगणात आली आणि पार्वताबाईला कणीक मळताना पाहून उंबऱ्यातच थबकली. तिच्यामागे आणखी बाया होत्या. थोड्या वेळाने तिरोड्याहून पार्वताबाईचा भाऊ केवळराम गाडी करून आला, हातात हार घेऊन. एवढ्या सकाळी काऊन आलास, असं बहिणीने विचारल्यावर त्याने तो हार पाठीमागे लपवला.

घडलं होतं ते साधंच. मुर्रीच्या चौकात फ्लेक्सना तोटा नाही. वाढदिवस असो, निवड असो, सणाच्या शुभेच्छा असोत, गावातल्या पुरुषांची डोकी त्यावर दाटीवाटीने बसवलेली असतात. पांढऱ्यावर एकटाच चेहरा लागतो तो श्रद्धांजलीचा. आणि बाईचा फोटो तर त्या चौकात लागतो तोच एकदा. नीतू लहानपणापासून हे बघत आली होती, पण भिंतीवरच्या नियमांपुढे तिला त्याचा पार विसर पडला. तळाची बारीक अक्षरं वाचायला कोणी थांबलंच नाही.

आलेल्या सगळ्यांना पार्वताबाईने जेवू घातलं. फ्लेक्स मात्र दुपारच्या आत उतरला.

मग तोच फ्लेक्स वर्गाच्या भिंतीवर लागला. नीतूने बोलायचं नव्हतं, म्हणून चौकातली हकीकत गिऱ्हाईक म्हणून येऊन मागच्या बाकावर बसलेल्या पार्वताबाईनेच सांगितली. पोरं पोट धरधरून हसली. मग एकेकाने मत दिलं. हिमांशू सगळ्यांत हुशार, त्याने एका वाक्यात निकाल लावला.

"आंटी का फोटो हटा दे, थाली डाल दे. झंझट खतम."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. थाळीचा फोटो कोणी काढायचा यावरही बोलणं झालं. थाळी काय, कोणाचीही असते, हे नीतूच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नियम तो नियम. ती खाली फरशीकडे बघत उभी राहिली. मॅडमनाही हिमांशूचं पटल्यासारखं दिसत होतं. त्यांनी गिऱ्हाइकाला विचारलं.

पार्वताबाई उठून फ्लेक्सजवळ गेली. स्वतःच्या चेहऱ्याकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"पांढरा रंग काढ," ती म्हणाली. "खालचं मोठं लिव, मले दिसत नाई." मग ती वर्गाकडे वळली. "फोटो राहू द्या. त्या दिवशी माह्या भाऊ कुंदाबाईले सांगून राहिला होता, का पार्वतेच्या हातची चव कोनालेच नाई. इतक्या वर्सांत मले कधी बोलला नाई. मेल्यावर तं सारेच लावतेत. जितेपनी लागू द्या एकडाव."

मॅडमनी नीतूला आता बोलायची परवानगी दिली. तिने एवढंच विचारलं, की आई, या वेळी फोटोत हसशील का.

पार्वताबाई म्हणाली, "हातात भाजी परतायचा सराटा दे, मंग हासीन."