डाव्या हातातली सुरी

वीबे आल्ग्राचा निबंध तिसऱ्यांदा वाचताना योरीनच्या मनात पाल चुकचुकली. या माणसानं चित्र पाहिलेलंच नाही.

योरीन लुब्बर्स डेव्हेंटरच्या एका छोट्या संग्रहालयात होती, आणि आलेडा लोमान या चित्रकर्तीच्या एकाच चित्रावर पाच जणांचे पाच निबंध असं पुस्तक काढत होती. चित्रात खिडकीशी बसलेली बाई सफरचंद सोलतेय, सुरी डाव्या हातात. त्या हातावरूनच योरीननं तीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं, की आलेडा डावखुरी होती, शाळेत मार देऊन तिचा हात बदलला, आणि चित्रात तिनं तो परत मिळवला. त्या निबंधानं योरीनचं नाव झालं. तो निबंध या पुस्तकातही होता, आणि पुस्तकाचं नावही 'डावखुरी'च ठरलं होतं.

आणि हा वीबे, लेउवार्डनचा निवृत्त चित्रकला शिक्षक, सुरी डाव्या हातात म्हणतो ते ठीक, पण खिडकीही डावीकडेच म्हणतो! योरीनच्या टेबलावरच्या, चित्राच्या जुन्या फोटो-स्लाइडमध्ये खिडकी चक्क उजवीकडे होती. म्हणजे हात माझ्या निबंधातून उचलला आणि खिडकी दिली ठोकून. लबाड कुठला. शुक्रवारी पुस्तक छापायला जाणार, त्याआधी निबंध काढून टाकायचा, पण पुराव्यानिशी. तिनं झुटफेनला चित्राच्या मालकीणबाईंना फोन केला. वासिंकबाई फोनवर काही सांगेनात, गुरुवारी साडेदहाला कॉफीला या म्हणाल्या.

कॉफी आली, एक बिस्किट आलं, डब्याचं झाकण लागलं. आल्ग्रा इथं खरंच आले होते का, असं योरीननं आडून आडून विचारलं. बाई म्हणाल्या, दोनदा आले, खुर्ची ओढून तासतासभर बसले. योरीनचा विश्वास बसेना. म्हातारीला पढवून ठेवलंय की काय?

"मागे बघा की," बाई म्हणाल्या. "तिथंच तर आहे."

योरीन वळली. खिडकी डावीकडे होती. सुरी उजव्या हातात.

केव्हातरी कुणीतरी ती स्लाइड चौकटीत उलटी बसवली होती, आणि त्या उलट्या चित्रावर तिनं तीस वर्षं इमले बांधले होते.

"तुमचं सगळं वाचते मी," वासिंकबाई म्हणाल्या. "डाव्या हाताचं काही कळायचं नाही. म्हटलं, शिकलेली माणसं, त्यांना काहीतरी खोल दिसत असेल."

त्या चेष्टा करत नव्हत्या, हेच जास्त लागलं. योरीननं बिस्किट तसंच ठेवलं आणि निघाली.

बाहेर बाकावर बसून तिनं वीबेला फोन लावला. सकाळपर्यंत त्याला कसं झापायचं ते तिनं घोकलं होतं, ते सगळं आता फुकट होतं. खिडकी बरोबर लिहिलीत, मग हात कसा चुकला, एवढंच तिनं विचारलं.

"मी आधी उजवाच लिहिला होता," वीबे ओशाळून म्हणाला. "मग तुमचा निबंध काढून वाचला. तुमचा एवढा अभ्यास, आणि मी आपला शाळेतला मास्तर. म्हटलं, माझ्याच बघण्यात चूक झाली. खोडून टाकलं."

ज्याला ती चोर समजत होती, त्यानं तिच्या शब्दाखातर स्वतःचे डोळे खोटे पाडले होते. योरीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"परत उजवा करा," ती म्हणाली. "पुस्तकाचं नाव बदलतेय. माझा निबंधही काढून टाकतेय."



"घाई नका करू," वीबे चाचरत म्हणाला. "माझं वय झालंय, नजरेचा काय भरवसा. तुम्ही इतक्या वर्षांत ते चित्र कितीदा पाहिलं असेल."

"एकदा," योरीन म्हणाली. "आज."